मावशीनं टाइप केलेली बेटं

आमच्या मावशीनं आयुष्यात कधी समुद्र ओलांडला नाही, डोंगर चढला नाही, आणि जंगल म्हणाल तर गल्लीच्या टोकाच्या बागेतली झुडपं सोडून दुसरं काही पाहिलं नाही. पण चार माणसं जगापासून तुटली की त्यातला पहिला दुसऱ्याच्या गळ्याला केव्हा हात घालतो, हे तिला विचारावं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता ती सांगायची, "साधारण शंभराव्या पानावर."

मावशी टायपिस्ट होती. एका कादंबरीकाराची. आमच्याकडे त्यांचं नाव कुणी घेत नसे. आई त्यांना 'बेटवाले' म्हणायची आणि मावशी 'साहेब'. साहेबांनी पुष्कळ कादंबऱ्या लिहिल्या, त्या खपल्याही बऱ्या, पण खरं सांगायचं तर त्यांनी एकच कादंबरी पुन्हा पुन्हा लिहिली. कधी नाटक कंपनीचं जहाज फुटून मंडळी ओसाड बेटाला लागायची, कधी रेल्वेचा डबा बर्फात अडकायचा, कधी खाणीचं तोंड ढासळून कामगार आत राहायचे. पहिली पन्नासेक पानं सगळे शहाण्यासारखे वागायचे. पाणी वाटून प्यायचे, पाळ्या लावायचे, एखादा अध्यक्षसुद्धा निवडायचे. मग हळूहळू वरचा मुलामा उडायचा आणि आतलं जनावर बाहेर यायचं. शेवटी जो एक जण उरायचा, त्याच्याकडे पाहून सोडवायला आलेली माणसंच दोन पावलं मागं सरायची. संपली कादंबरी.

यात साहेबांची म्हणून एक खास खोच असायची. जो पुढं सगळ्यात क्रूर निघणार, तो आधीच्या प्रकरणात फार गोड वागायचा. स्वतःचं पांघरूण दुसऱ्याला द्यायचा, दार उघडून बाजूला उभा राहायचा, 'आधी तुम्ही' म्हणायचा. वाचकाला पत्ता लागायचा नाही. मावशीला मात्र पहिल्या 'आधी तुम्ही'लाच कळायचं. "हा खाणार बघ आता कुणाला तरी," असं म्हणून ती कार्बन बदलायची.

साहेब स्वतः मवाळ माणूस. खाडी ओलांडायच्या होडीतसुद्धा त्यांना ओकारी यायची. सकाळी ते आपल्या खोलीत जायचे, आतून कडी लावायचे आणि लिहायचे. लिहून झालेली पानं दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवायचे. बाहेर बोळात एक छोटं टेबल, त्यावर टाइपरायटर, आणि मावशी. टाइपरायटरची एक कळ कायम अडकायची. ती नखानं वर काढत काढत तिच्या उजव्या तर्जनीचं नख कायमचं आखूड झालं होतं. पान फटीतून आलं की ती वाकून उचलायची, धूळ झटकायची आणि मूळ प्रत अधिक दोन अशी टाइप करायची. साहेबांची बायको चहाचा कप दाराबाहेर जमिनीवर ठेवून जायची. बऱ्याच वेळानं दार किलकिलं व्हायचं, एक हात बाहेर यायचा आणि कप आत न्यायचा. मला तर कधी कधी वाटायचं, बेटाबिटावर जायची गरजच काय, हेच लिहायचं की.

आता मावशीच्या नवऱ्याबद्दल. काका दीपगृहावर होते. किनाऱ्यापासून दूर समुद्रात एक खडक, खडकावर मनोरा, मनोऱ्यात तीन माणसं. सामानाची होडी समुद्र शांत असेल तेव्हा जायची, नसेल तेव्हा आठवडेच्या आठवडे जायची नाही. काका वर्षाकाठी एकदा मोठ्या रजेवर घरी यायचे. लग्नाआधी मावशी बंदराच्या कचेरीसमोर एका टायपिंगच्या दुकानात बसायची, तिथं ते खडकावरच्या बदलीचा अर्ज टाइप करून घ्यायला आले होते. अर्ज पुरा झाल्यावर म्हणाले, "लग्न ठरलं असतं तर अर्ज केला नसता." मावशी म्हणाली, "मग फाडू का?" त्यावर काका म्हणे बराच विचार करून बोलले, "एक प्रत राहू द्या." ही गोष्ट मावशीनं मला इतक्यांदा सांगितली आहे, आणि दर वेळी तितकीच लाजून, की मला तिचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा.

लग्न झालं, आणि राहिलेल्या प्रतीवर अर्जही मंजूर झाला. दोन्ही गोष्टी एकदम होतात तेव्हा माणसानं काय करायचं असतं हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं. काका गेले. मावशी आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आली आणि साहेबांकडे टाइप करायला लागली. तिच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत. तिचं भांडं पडलं तरी आई इकडून विचारायची, "काय गं, लागलं का?"

मी तेव्हा एका दातांच्या डॉक्टरकडे नोकरीला होते. रोग्यांना आत सोडायचं काम. त्यामुळं माणसाच्या सभ्यपणाबद्दल मलाही थोडंफार कळत होतं. दाढ ठणकत असली की चांगले चांगले लोक रांग मोडतात. म्हणून असेल, पण काका रजेवर आले की मी थक्क होऊन पाहत बसायचे. इतका अदबशीर माणूस मी दुसरा पाहिला नाही. स्वतःच्या घरात ते दार वाजवून शिरायचे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर थांबून "येऊ का?" विचारायचे. सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय घास उचलायचे नाहीत, आणि शेवटचा जेवत असेल तोवर पानावरून उठायचे नाहीत. रोज दाढी, रोज धुतलेला सदरा. पातेल्यातला शेवटचा बटाटा ते घेत नसत, त्यांच्यासमोर आम्हालाही घेववत नसे, आणि तो तिथंच सुकायचा.

मी एकदा विचारलं, "काका, तिकडं तुम्हाला बघायला कोण येतं, म्हणून एवढं नटता?"

ते हसले. "तिकडं तीन माणसं आणि एक जिना आहे. उद्धटपणा परवडत नाही."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्यातले सगळ्यात थोरले दिवेवाले तिथं फार वर्षांपासून होते. ही सगळी शिस्त त्यांची. दुसऱ्याच्या खोलीत विचारल्याशिवाय जायचं नाही. राग आला तर बोलायचं नाही, वर जाऊन काच पुसायची. "आमच्या दिव्याची काच किनाऱ्यावर सगळ्यात लख्ख आहे," काका म्हणाले, "आता तूच काय ते समज." तिसरा गडी नकलाकार होता. तो होडीवाल्याची, तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांची, एवढंच काय समुद्रपक्ष्यांचीही नक्कल करायचा, पण त्या दोघांची कधी नाही. तशी ताकीद होती.

मी हसत होते. मावशी हसत नव्हती. ती भिंतीला टेकून नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा प्रेम वाटलं. प्रेम होतंच. पण वर्षभर बोळात बसून तिनं जी पानं टाइप केली होती, तीही त्या नजरेत होती. जगापासून तुटलेला माणूस, आणि एवढा गोड वागतोय. बाईला शंभरावं पान जवळ आलेलं दिसत होतं.

हे कुणाला खुळेपणाचं वाटेल. मलाही वाटलं. पण तुम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच वाक्य बोटांनी लिहून बघा, तेही मूळ प्रत अधिक दोन. वाचलेलं विसरता येतं, बोटांतून गेलेलं मुरतं.

त्या वर्षी साहेबांचं बर्फातल्या डब्याचं चाललं होतं. त्यातला गार्ड अत्यंत सज्जन. म्हाताऱ्या प्रवाशांना आपला कोट देतो, सगळ्यांची विचारपूस करतो, आणि एका संध्याकाळी डब्यातल्या सगळ्या सुऱ्या गोळा करून शांतपणे धार लावत बसतो. पुढचं सांगत नाही. मावशीनं ते प्रकरण टाइप केलं, कागद नीट लावले, आणि घरी आली. दार उघडलं तर काका खिडकीशी बसून सुऱ्यांना धार लावत होते. शेजारी फडक्यावर घरातली सगळी पाती ओळीनं मांडलेली. विळी, कात्री, भाजीची सुरी, पाव कापायची सुरी.

दीपगृहावर एक पद्धत होती. जो रजेवर जाणार, त्यानं जाण्याआधी तिथल्या सगळ्या पात्यांना धार लावून ठेवायची, म्हणजे मागं राहणाऱ्यांचे हाल होत नाहीत. काकांची रजा संपत आली होती. इथं हे त्यांचं घर होतं, आणि मागं राहणारी ती होती. एवढं साधं. पण हे त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण तिकडं ते कुणाला सांगावं लागत नाही.

काका तिला बघून उठून उभे राहिले. हातात सुरी तशीच. म्हणाले, "आलीस? बस ना. आधी तू बस."

मावशी आमच्याकडे आली ती पायात चप्पल एकच. आत शिरून तिनं कडी लावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. आईनं विचारलं काय झालं. तेवढ्यात दारावर टकटक झाली, हलकीशी.

"मी आत येऊ का?" काकांचा आवाज.

आई कडीकडे गेली. मावशीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, काही फार मोठ्यांदा नाही, पण आमची दारं काय, पुठ्ठ्याची. "उघडू नकोस. त्यांच्या हातात सुरी आहे."

मग काका बोलले, नेहमीसारखंच सावकाश. "सुऱ्या वरच्या फळीवर ठेवल्यात. तुझा हात पुरणार नाही, माझाही पाट घेतल्याशिवाय पुरत नाही. तू घरी जा. मी खाली जिन्यावर बसतो."

आणि तो माणूस जिन्यावर बसला. संध्याकाळभर. येणारे जाणारे त्याला ओलांडून गेले, आणि प्रत्येकासाठी तो उठून भिंतीला चिकटून उभा राहिला. आईनं शेवटी दार उघडलं तेव्हा आमच्या उंबऱ्यावर काकांनी केव्हा तरी वर येऊन एक ताटली झाकून ठेवलेली होती. भात आणि अंडी. गार झालेली. मावशी ती ताटली मांडीवर घेऊन बसली, तिनं घास घेतला नाही आणि ताटली खालीही ठेवली नाही. सकाळी काका रजा संपायच्या आतच निघून गेले.

पुढच्या वर्षी ते आले नाहीत. होडीवाल्याबरोबर निरोप आला, नकलाकाराची पोरं लहान आहेत, माझी रजा त्याला दिली. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच काहीतरी. तक्रार नाही, रुसवा नाही. मी मावशीला म्हणायचे, "अगं, 'या' एवढंच म्हणायचंय तुला. टाइपसुद्धा करायला नको." ती म्हणायची, "कुठल्या तोंडानं?" आणि खरं म्हणजे नुसती लाज नव्हती. तिला ते हवे होते, जीव तुटेस्तोवर हवे होते, आणि तिला त्यांची भीतीही वाटत होती. फटीतून रोज नवीन पान येत होतं. नाटक कंपनी संपली की खाण, खाण संपली की आणखी काही. थोडा धीर गोळा व्हायचा आणि शंभरावं पान यायचं.

संध्याकाळी ती समुद्राच्या कठड्यावर जाऊन बसायची. हवा स्वच्छ असली तर तिथून तो दिवा दिसायचा, बारीकसा, फिरून फिरून येणारा. मी कधी कधी सोबत जायचे. दिवा लागला की ती म्हणायची, "आज त्यांनी लावला." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "आज दुसऱ्या कुणी." मी म्हणायचे, कुणीही लावला तरी तो तेवढाच फिरतो. ती माझ्याकडे अशी बघायची की मला काहीच कळत नाही. मग बोलायला लागायची. कधी त्यांच्या हातांबद्दल, तेलाचा वास साबणानंही जात नाही त्याबद्दल. कधी ते झोपेत पाळी बदलायच्या वेळी उठून बसत आणि अंधारात तिचा खांदा चाचपून पुन्हा आडवे होत, त्याबद्दल. म्हणायची, "तेव्हा मी जागीच असायचे. पण सांगितलं नाही कधी. सांगितलं असतं तर 'माफ कर' म्हणाले असते आणि पुन्हा चाचपलं नसतं." मला रडू यायचं. तिला यायचं नाही. ती दिवा येण्याची वाट बघत असायची, आणि तो आला की पुढच्या वेळेची.

असं बसून बसून मावशी बदलली. माणूस कसा रानटी होतो हे बघायला खरं तर आमच्या जिन्यावर यायला हवं होतं. ती उभ्यानंच पातेल्यातून जेवायला लागली. केस विंचरायची नाही. नळावर शेजारणीची बादली आधी लागलेली दिसली तर उचलून जिन्यावरून खाली भिरकावून द्यायची. आईशी बोलणं टाकलं, का ते आईलाही कळलं नाही. भिंतीच्या इकडून "काय गं, लागलं का?" विचारलं तर तिकडून काहीच यायचं नाही. साहेबांकडे जाऊन टाइप करायची, घरी येऊन कडी लावायची. चारी बाजूंना माणसं, वर माणसं, खाली माणसं, आणि मध्ये ही.

एका दुपारी तिच्या खोलीतून मांजराची किंकाळी आली. खालच्या मजल्यावरचं पिवळं मांजर दुधाला आलं होतं. मी धावत गेले. मांजर मागचा पाय ओढत माझ्या पायांमधून पळालं. मावशी जमिनीवर बसली होती, आणि समोर इस्त्री पडली होती, अजून गरम. लोखंडाची, जड.

मी म्हटलं, "फेकलीस?"

ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. "फेकली. आणि मारताना बरं वाटलं गं," ती म्हणाली. "दूध गेल्याचं नाही काही. मला बरंच वाटलं." मग म्हणाली, "आणि मी तर कुठं गेलेसुद्धा नाही."

ते मांजर पुढं कित्येक वर्षं आमच्या जिन्यावर लंगडत फिरत होतं. मावशी दिसली की कठड्यावर चढून बसायचं. तिनं त्याला दूध ठेवून पाहिलं, मासे ठेवून पाहिले. ती खोलीत गेल्याशिवाय ते तोंड लावायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांचं दार वाजवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. साहेबांनी उघडलं, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, बोटांना शाई. मावशीनं विचारलं, "साहेब, अशी माणसं तुम्ही कुठं पाहिलीत? बेटावरून आलेली, खाणीतून आलेली?"

"कुठं जाऊ बघायला?" साहेब म्हणाले. "कडी लावतो, बसतो. दुपार होईतो कुणाचा तरी जीव घ्यावासा वाटायला लागतो. तेच लिहितो. हवं तर बायकोला विचारा."

"पण तुमच्या बेटावर तर पुष्कळ माणसं असतात."

साहेबांनी डोकं खाजवलं. म्हणाले, "असतात. पण बाई, ती सगळी मीच असतो."

मावशी त्या दिवशी लवकर घरी आली आणि किती तरी महिन्यांनी आमच्या दारात उभी राहिली. आईनं तिला आत घेतलं, पुढ्यात बसवलं आणि तिच्या केसांचा गुंता सोडवायला घेतला. मावशी मला म्हणाली, "साहेब खोटं नाही लिहीत काही. फक्त पत्ता चुकीचा देतात. तिथं तीन माणसं होती गं. जिना वापरायला एकमेकांना विचारत होती. कडी लावून तर मी बसले होते." मग आईनं गाठ ओढली म्हणून, किंवा तेवढं निमित्त करून, ती पोटभर रडली.

त्यानंतर तिची भीती गेली ती गेलीच. साहेबांकडे ती पुढंही टाइप करत राहिली, गार्डांनी आणि खाणवाल्यांनी एकमेकांना फाडून खाल्लं तरी तिची मान हलली नाही. तिनं होडीवाल्याला गाठून निरोप दिला, "या म्हणावं." होडीवाला परत आल्यावर म्हणाला, "बघतो म्हणाले." ती एवढ्यावर खूश. खोली आवरली, भिंती पुसल्या, चादरी बदलल्या. होडी परत जाऊन परत आली. पुन्हा "बघतो." चादरी पुन्हा धुतल्या. मला होडीवाल्याचा, समुद्राचा, काकांचा, सगळ्यांचाच संताप यायचा. बाई चुकली, कबूल. पण चुकीला काही मुदत असते की नाही?

मग दिवा आपोआप लागायला लागला. तशी यंत्रं आली, आणि खडकावरच्या माणसांना किनाऱ्यावर बोलावून घेतलं. आता तर यावंच लागणार होतं. मावशी सकाळपासून धक्क्यावर, चांगले कपडे घालून, केसांत पांढरं दिसू नये म्हणून मला तीनदा बघायला लावून. मी सोबत होते.

होडी लागली. आधी थोरले दिवेवाले उतरले, त्यांना काकांनी हात दिला. मग नकलाकार. शेवटी काका. सदरा धुतलेला, दाढी केलेली. केस पूर्ण पांढरे. त्यांनी मावशीला पाहिलं, ट्रंक खाली ठेवली आणि म्हणाले, "कशी आहेस?"

"बरी आहे. घरी चला."

बाकीचे दोघं आपण होऊन लांब गेले आणि पाठ करून समुद्राकडे बघत उभे राहिले. मीही सरकायला हवं होतं. मी हलले नाही. आमच्यात तेवढी शिस्त नाही.

काका म्हणाले, "आम्ही तिघांनी मिळून इथं बंदराजवळच दोन खोल्या घेतल्यात. थोरल्यांना कुणी नाही. नकलाकाराचं कुटुंब आता मुलाकडे असतं, याला तिथं झोप येत नाही. एकमेकांच्या कुशी बदलण्याचीसुद्धा सवय झाली आहे आम्हाला."

"मी चुकले," मावशी म्हणाली. "त्या दिवशी."

"मला राग नाही गं तुझा," काका म्हणाले. "पण त्या दिवसापासून दाढी करायला आरसा धरला की मला तोच माणूस दिसायचा, ज्याला बघून तू पळालीस. मी स्वतःच्या हातात सुरी घ्यायला भ्यायला लागलो. भाजी हे दोघं चिरायचे. काही विचारलं नाही त्यांनी. एक दिवस थोरल्यांनी वस्तरा माझ्या हातात दिला आणि समोर गळा करून बसले, म्हणाले, माझी दाढी करून दे." ट्रंकेची कडी चाचपत ते म्हणाले, "तिथं मला कुणी घाबरत नव्हतं. म्हणून राहिलो."

मावशीनं त्यांचा हात धरला, तिथं सगळ्यांच्या देखत. "आता मी नाही घाबरत."

काकांनी हात सोडवून घेतला नाही. तिच्याकडे नीट बघितलं, खरोखर माहिती हवी असल्यासारखं, आणि विचारलं, "ते मला कसं कळणार?"

मला तेव्हा ते कठड्यावर चढून बसणारं मांजर आठवलं, पण ते काही बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

आता मावशी म्हातारी झाली आहे. साहेब गेले, टाइपरायटर भंगारात गेला. आठवड्यातून एकदा ती बस पकडून बंदराजवळच्या त्या खोल्यांत जाते. चौघं एकत्र जेवतात. थोरले अजून आहेत, त्यांना दिसत नाही. नकलाकार त्यांना घास भरवताना समुद्रपक्ष्याचा आवाज काढतो. मावशीला ते चांगली खुर्ची देतात, आधी तिला वाढतात. संध्याकाळी काका तिला बसपर्यंत सोडायला येतात, रस्त्याच्या बाजूनं स्वतः चालतात, आणि बस वळेपर्यंत उभे राहतात.

परवा मी तिला विचारलं, "तू त्यांना घरी चला म्हणतेस का अजून?"

"दर वेळी म्हणते."

"मग?"

"'बघू' म्हणतात."

काका सभ्य माणूस. तोंडावर नाही म्हणणार नाहीत, हे मला ठाऊक आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त तिला ठाऊक आहे. पण ती म्हणाली, "या वेळी म्हणताना जरा थांबले होते."